एकही वॅट फुकट जाता कामा नये

त्राउगोट नेगेले यांच्या बाल्कनीच्या कठड्याला सोलरच्या दोन पाट्या लागल्या, तेव्हा आमच्या निडरआखिंगन गावात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की नेगेल्यांनी सूर्याची लेखी परवानगी कशी घेतली नाही. बाकी सगळ्यांची घेतली होती. इमारतीतल्या घरमालकांच्या सभेत हा विषय तीनदा पुढे ढकलला गेला. पहिल्या सभेत कुणीतरी विचारलं, की पाट्यांची तिरीप समोरच्या मांजराच्या डोळ्यांत गेली तर जबाबदार कोण. दुसऱ्या सभेत तळमजल्यावरच्या शॉयफेलेबाईंनी विचारलं, की या पाट्या दुपारी गुणगुणतात का. तिसऱ्या सभेत कठडा वजन पेलेल की नाही याचा दाखला मागितला गेला. दाखला द्यायला आलेला इंजिनिअर कठड्याला रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "मी पडलो नाही, तर पाट्या कशाला पडतील?" हे वाक्य सभेच्या वृत्तांतात जसंच्या तसं आहे.

नेगेल्यांना या सगळ्याचा जाच झाला असेल असं कुणाला वाटेल. छे! इतरांना समुद्रकिनारी पाय पसरून जे सुख मिळतं, ते नेगेल्यांना नियम पाळताना मिळतं. पोटासाठी त्यांनी नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरी केली, पण जीव अडकला होता गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात. त्या दलाचे ते वीस-बावीस वर्षं प्रमुख होते. निवृत्त झाल्यावरही दर हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं 'घरातली वीज आणि आपण' या विषयावर व्याख्यान असे. गावातली दोन पिढ्यांची पोरं घरातले तीन शत्रू घडाघडा म्हणून दाखवत. पहिला शत्रू, न विझवलेली मेणबत्ती. दुसरा, एका एक्स्टेंशन बोर्डात खुपसलेला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड. आणि तिसरा, सगळ्यांत कपटी शत्रू, गुंडाळलेलं केबलचं रीळ. "वायर गुंडाळलेली असताना तिच्यातून वीज नेलीत, की उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही," असं सांगून नेगेले थांबत, चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "मग ती स्वतःची वाट स्वतः करते." इथे लहान मुलं हमखास आईला बिलगत.

आता दलाचा मोठा वर्धापनदिन आला होता. जूनमधल्या त्या रविवारी मांडवात, बँडसमोर, नेगेल्यांना 'मानद प्रमुख' ही पदवी द्यायचं ठरलं होतं. तशी ती नुसती मानाची. ना अधिकार, ना गाडी. पण मिरवणुकीत पुढे चालायचं, पांढरे हातमोजे घालायचे आणि मेल्यावर दलाने खांदा द्यायचा. माणूस निवृत्त झाला की गाव त्याला किती लवकर विसरतं, हे नेगेल्यांनी दोन माजी प्रमुखांच्या आणि असंख्य साध्या माणसांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांना विसरलं जायचं नव्हतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण रोसविथाला ठाऊक होतं, कारण हातमोजे त्यांनी आत्ताच इस्त्री करायला टाकले होते.

तर पाट्या. सगळं नियमानुसार झालं. इलेक्ट्रिशियन आला, पाट्यांसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, सगळं केलं. जुना मीटर ऊन पडलं की उलटा फिरायला लागला. दुसरा असता तर गप्प बसून मजा बघत राहिला असता. नेगेल्यांनी स्वतः वीज कंपनीला फोन करून आपल्या मीटरची चहाडी केली आणि नवा मीटर येईपर्यंत पाट्यांवर चादर घालून ठेवली. नवा मीटर आला, मोबाइलवर त्याचे आकडे दिसायला लागले, आणि तिथेच नेगेल्यांच्या आयुष्यातली शांतता संपली.

कारण त्यांना कळलं, की घरात वापरली न जाणारी वीज तारेतून बाहेर जाते. फुकट.

"फुकट म्हणजे?" त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या रापोल्ड मास्तरांना विचारलं. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. आता शाळा नसल्यामुळे ते जिन्यात शिकवतात.

"फुकट म्हणजे फुकट. तुम्ही वापरली नाहीत तर ती पहिल्या भुकेल्या यंत्राकडे जाणार. कदाचित शेजारच्या ब्योखिंगनमध्ये."

"ब्योखिंगनमध्ये!"

आमचं आणि ब्योखिंगनचं वैर कशावरून सुरू झालं ते आता कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच ते टिकलं आहे. शिवाय आम्ही श्वाबी लोक, काटकसरीसाठी अख्ख्या जर्मनीत बदनाम. दान देतो, नाही असं नाही, पण देताना समोरच्याने पाहिलं पाहिजे. आपल्या उन्हावर ब्योखिंगनच्या कुणा लुच्च्याने अंघोळीचं पाणी तापवावं आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा, हे नेगेल्यांच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्या दिवसापासून ते हातात मोबाइल घेऊन घरात फिरायला लागले. आकडा बाहेर जाताना दिसला की ओरडत, "रोसविथा! जातेय! काहीतरी लाव!"

रोसविथा काहीतरी लावे. आधी वॉशिंग मशीन लावलं. चादरी धुतल्या, पडदे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. पण पाट्यांना सगळ्यांत जास्त ऊन मिळे ते दुपारी एक ते तीन, आणि इमारतीत एक ते तीन ही विश्रांतीची वेळ. या वेळात खिळा ठोकायचा नाही, मशीन लावायचं नाही, जिन्यात जोरात शिंकायचंसुद्धा नाही. सूर्याने घरमालकांची नियमावली वाचलेली नसावी. मशीनने पहिला घरघराट केला तसा खालून झाडूच्या दांड्याने छतावर ठोकल्याचा आवाज आला.

"नेगेले!" शॉयफेलेबाई खिडकीतून वर पाहून ओरडल्या. "मेलेल्या माणसांनाही झोप लागू देणार नाही का?"

"बाई, ऊन आत्ता आहे, त्याला मी काय करू?"

"मग त्याला सांगा, तीननंतर ये म्हणावं!"

शॉयफेलेबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या होत्या, दुपारची झोप आणि झाडूचा आठवडा. आमच्याकडे जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत तळघरापासून रस्त्याच्या कडेपर्यंत सगळं लख्ख झालं नाही तर गाव नावं ठेवतं. बाईंच्या आठवड्यात जिन्यावर दूध सांडलं तर ते पिता आलं असतं. मुलगा मार्कुस स्टुटगार्टला असे. तो महिन्याकाठी येई आणि अंगणात उभं राहून मोठ्याने म्हणे, "आई, आता एकटीने पुरे. एक दिवस काहीतरी करून ठेवशील. वृद्धाश्रमात किती छान सोय आहे." बाई झाडू जास्तच जोरात मारू लागत. नेगेल्यांना हे सगळं वरून ऐकू येई. त्यांना बाईंचा राग होता, पण मार्कुसचा जास्त होता.

मशीन बंद ठेवावं लागलं म्हणून नेगेल्यांनी मुकी यंत्रं शोधली. इस्त्री मुकी. रोसविथाने एक ते तीन इस्त्री केली. रुमाल संपले, मोजे संपले, पायपुसण्याला इस्त्री झाली. मग ओव्हन, मग वॉफलचा, म्हणजे जाड जाळीदार गोड धिरड्यांचा, विजेवरचा साचा. साचा उत्तम निघाला. आवाज नाही, वीज खातो आणि वर वॉफल देतो. मग रोज वॉफल. नेगेले खात, रोसविथा खाई, उरलेली जिन्यातून वाटली जात. रापोल्ड मास्तरांच्या पँटचं बटण तुटलं.

"बॅटरी घ्या," मास्तर तोंडात घास ठेवून म्हणाले. "दिवसा साठवा, रात्री वापरा."

"बॅटरीला पैसे पडतात."

"मग मत्स्यपेटी ठेवा. माशांना ऊब लागते."

"माशांना खायला लागतं."

"वॉफल घाला," मास्तर म्हणाले. उंटावरच्या शहाण्याला उंटाचा खर्च कधीच दिसत नाही.

शेवटी एके दिवशी रोसविथाने पिठाची वाटी खाली ठेवली. "त्राउगोट, माझ्या केसांना वॉफलचा वास येतो. उशीला येतो. काल चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाईने वळून विचारलं, तू बेकरीत लागलीस का म्हणून. आता या घरात एकतर वॉफल राहील नाहीतर मी."

नेगेल्यांनी जरासा जास्तच विचार केला. तेवढ्यात त्यांना सुचलं. वर्धापनदिनाला वॉफल लागणारच होती. ती आदल्या दिवशी, शनिवारी, खाली अंगणात करायची! दलाचे लोक सकाळी मांडव घालून येणार, त्यांना चाखायला बोलवायचं. 'निव्वळ उन्हावरची वॉफल.' घरातला वास गेला, बाहेरची वीज वाचली आणि पदवीच्या आदल्या दिवशी गावाला दिसलं, की हा माणूस नुसता बोलत नाही. रोसविथा म्हणाली, "अंगणात खुशाल कर."

अंगणात वीज नव्हती. पण तळघरात नेगेल्यांची सामानाची खोली होती आणि तिचं सॉकेट त्यांच्याच मीटरवर होतं. तिथून वायर आणायची, तळघराचा जिना चढवून, मागच्या दारातून बाहेर. त्यासाठी त्यांनी खोलीतलं जुनं केबलचं रीळ काढलं. तापलं की आपोआप बंद पडायची सोय नव्या रिळांत असते, या रिळात नव्हती. असली रिळं फेकून द्या, असं नेगेले दर व्याख्यानात सांगत. पण फेकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. रीळ चालत होतं, आणि चालती वस्तू फेकायला आम्ही काय ब्योखिंगनचे आहोत?

लोका सांगे ब्रह्मज्ञान असं मात्र कुणी म्हणू नये, कारण रीळ त्यांनी नियमाने पूर्ण उलगडलं. शेवटच्या वेढ्यापर्यंत. रीळ मागच्या दाराच्या आत ठेवलं आणि गरजेपेक्षा कितीतरी लांब असलेली ती केबल जिन्याच्या पायऱ्यांवरून नागमोडी सोडली, जेणेकरून तिला वारा लागेल. रिळातून एक बोर्ड बाहेर टेबलापर्यंत नेला. रीळ म्हणजे काही बोर्ड नव्हे, त्यामुळे दुसरा शत्रू इथे लागू होत नव्हता. मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. शाळेच्या पोरांना आणून दाखवावं असं काम होतं.

सुरुवातीला एकच साचा लावला. आकाश निरभ्र होतं. मोबाइलवर बाहेर जाणारा आकडा शून्य दाखवत होता आणि नेगेल्यांचा चेहरा पाट्यांपेक्षा चमकत होता. शॉयफेलेबाई दारावरची पाटी डोलवत, बादली आणि झाडू घेऊन जिन्यात शिरल्या. त्यांचा आठवडा होता. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. थोड्या वेळाने टेबलाखालची वायर जराशी सरकली. नेगेल्यांना वाटलं वारा असेल.

मग दल आलं. वीसेक माणसं, मांडव घालून घामाघूम आणि भुकेली, सगळ्यांत पुढे सिल्के ग्लॉकनर. सिल्के आता दलाची प्रमुख होती. पंधरा वर्षांची असताना नेगेल्यांनीच तिला पाण्याचा पाइप धरायला शिकवलं होतं. दलात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, तिथे वय चालत नाही.

"त्राउगोट, लेका, वास कोपऱ्यापर्यंत येतोय!"

"सूर्याचा वास आहे तो," नेगेले म्हणाले.

पण सूर्याचा साचा एक आणि तोंडं वीस. रांगेत कुरकूर सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्धापनदिनापर्यंत मिळेल ना?" नेगेल्यांच्या वर्मी लागलं. त्यांनी दुसरा साचा लावला. मग रोसविथाकडे न पाहता तिसरा.

"आता पाट्या पुरणार नाहीत," रापोल्ड मास्तर रांगेतून म्हणाले. "बाहेरची वीज येतेय तुमच्याकडे. कदाचित ब्योखिंगनची."

"मास्तर, तुम्हाला वॉफल हवंय की नाही?"

मास्तर गप्प बसले. एमसीबीही गप्प बसला होता. तीन साच्यांचा भार त्याला झेपायच्या अगदी काठावर होता, त्यामुळे त्याच्या मते काही बिघडलं नव्हतं. मग सगळे खायला लागले. सिल्के बोटं चाटत म्हणाली, "उद्याचं भाषण तयार आहे का रे?" नेगेल्यांनी खिशातल्या चार घडीच्या कागदांना हात लावला आणि लाजले. त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर क्षणांपैकी तो एक होता.

जिन्यातला धुराचा भोंगा त्याच क्षणी किंचाळला. तो भोंगाही सभेशी भांडून नेगेल्यांनीच बसवून घेतला होता.

मागच्या दाराच्या फटीतून काळा, रबर जळाल्याच्या वासाचा धूर येत होता. नेगेल्यांनी झटकन टेबलाखालच्या बोर्डातून तिन्ही साच्यांचे प्लग काढले आणि ते दाराकडे धावले. "प्लग तळघरात आहे! मी काढून येतो, दोन मिनिटांचं काम!"

"थांब," सिल्के म्हणाली.

"अगं, माझा जिना आहे!"

"धुरात एकट्याने शिरायचं नाही. कपडे, मुखवटा आणि जोडीदार असल्याशिवाय नाही. कुणी शिकवलं मला हे?"

ज्याने शिकवलं होतं तो दारात उभा राहिला. वीस अग्निशामक हातात वॉफल घेऊन त्याच्याभोवती उभे होते आणि त्यांतल्या एकालाही आत जाता येत नव्हतं. सिल्केने मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, एकशे बाराला फोन करा. तिकडून हुकूम आल्याशिवाय गाडी निघत नाही."

"पण तुम्ही सगळे तर इथेच..."

"करा ना मास्तर!"

मास्तरांनी फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, अग्निशमन दल हवंय का. मास्तर म्हणाले, "दल आहे, पण हवंय." काही क्षण गेले आणि वीस पट्ट्यांवरचे वीस पेजर एकदम वाजले. वीस वॉफल टेबलावर पडली. सगळं दल आग सोडून, नेगेल्यांना सोडून, दोन गल्ल्या पलीकडच्या ठाण्याकडे पळत सुटलं. अंगणात नेगेले, रोसविथा, मास्तर आणि फुटपाथ झाडून परत आलेल्या शॉयफेलेबाई एवढेच उरले.

"पाणी मारू का?" बाई बादली उचलत म्हणाल्या.

"विजेवर?" नेगेले एवढ्या जोराने ओरडले, की बाईंनी बादली खाली ठेवली.

मग गाडी आली. निळा दिवा, भोंगा, आणि मागून सगळं गाव. शिरस्त्राण घातलेली सिल्के उतरली आणि तिने नेगेल्यांकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "अहो नेगेले, सीमारेषेच्या मागे व्हा. आत कुणी आहे का?"

"अहो" ऐकून नेगेल्यांनी मागे वळून दुसरा कुणी नेगेले आहे का ते पाहिलं. "कुणी नाही," ते म्हणाले. "ऐक, मेन स्विच तळघरात डावीकडे..."

"मागे व्हा म्हटलं ना!"

ते मागे झाले. गर्दी अडवायला बांधलेल्या पट्टीमागे, शेजारच्या बायकांच्या रांगेत. तिथून त्यांनी पाहिलं, की शिडी लागली, दोघं वर चढले आणि त्यांच्या चमकत्या पाट्यांवर ताडपत्री घातली. ऊन असेपर्यंत पाट्यांच्या तारांत वीज असते, मेन बंद केला तरी असते, म्हणून आधी पाट्या झाका. हेही त्यांनीच शिकवलं होतं. आपण इतकं चांगलं कशाला शिकवलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

आग म्हणावी अशी नव्हती. दाराजवळ रद्दीचा एक गठ्ठा धुमसत होता, पायपुसणं जळालं होतं. ते विझलं. मग मुखवटा घातलेला एक जण बाहेर आला आणि त्याने अंगणाच्या मधोमध एक वस्तू ठेवली. ते केबलचं रीळ होतं. सॉकेटपर्यंतचा तुकडा सोडला तर पूर्ण गुंडाळलेलं आणि वितळून एकसंध झालेलं.

गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "तिसरा शत्रू." एक लहान मूल आईला बिलगलं.

नेगेले रिळावर वाकले. आपण ते उलगडलं होतं! डोळ्यांनी पाहिलं होतं! मग त्यांना टेबलाखाली सरकलेली वायर आठवली, आणि त्यांनी शॉयफेलेबाईंकडे पाहिलं. बाई झाडू छातीशी धरून रिळाकडे बघत होत्या. जळका गठ्ठा बाईंनीच बांधून ठेवलेला, रीळ बाईंनीच आवरलेलं, आणि आपण घर पेटवलं असतं हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. आणखी एक गोष्ट त्यांना कळत होती, ती नेगेल्यांनाही कळली. उद्या मार्कुस येणार होता.

सिल्केने शिरस्त्राण काढलं. "हे गुंडाळलं कुणी?"

एक वाक्य पुरेसं होतं. 'मी उलगडून ठेवलं होतं, बाईंनी गुंडाळलं.' खरं वाक्य होतं. ते बोललं असतं तर पदवी वाचली असती, अब्रू वाचली असती. नेगेल्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला त्या पांढऱ्या हातमोज्यांची अतोनात हाव आहे. मग त्यांनी पुन्हा एकदा बाईंकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "मीच गुंडाळलं."

रोसविथाने डोळे मिटले. आणि शॉयफेलेबाईंचा झाडू जमिनीवर आपटला.

"तुम्ही?" बाई पुढे आल्या. "तुम्ही गुंडाळलं हे? नेगेले, तोंड बघा आरशात! अहो सिल्के, बघा ही वेटोळी! ओळीला ओळ लागलीय, कुठे एक तिरकी नाही, शेवटचा वेढा आत खोचलाय! या माणसाला बागेचा पाइप गुंडाळता येत नाही, चार वर्षं बघतेय मी! जिन्यात साप सोडल्यासारखी केबल टाकून गेला होता, माझ्या झाडूच्या आठवड्यात! मी गुंडाळलं हे. माझ्या हातांनी. आणि म्हणे मी, म्हणे मी!"

"बाई, मी तुम्हाला वाचवत होतो!"

"मला वाचवताना माझ्या कामावर तुमचं नाव कशाला टाकता?"

पट्टीमागची एक बाई पुढे वाकली, वितळलेल्या रिळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुंडाळलंय मात्र सुरेख." दुसरीने मान डोलावली. दलातला एक जण म्हणाला, "पण जिन्यात केबल टाकायची नसतेच ना? धुरात माणूस पळताना पाय अडकून पडेल." सगळ्यांनी नेगेल्यांकडे पाहिलं. सुटकेचा मार्ग मोकळा ठेवा, हे व्याख्यानाचं पहिलं वाक्य होतं. इतकं पहिलं, की ते शत्रूंमध्ये मोजलंही जात नसे. तिसऱ्या शत्रूपासून सुटलेला माणूस पहिल्या वाक्यावर पकडला गेला होता.

सिल्केने आधी ओठ चावले, मग पाठ वळवली. तिचे खांदे हलत होते. मग तिच्याने राहवेना, आणि मग कुणाच्यानेच राहवेना. फक्त दोन माणसं हसत नव्हती, नेगेले आणि शॉयफेलेबाई, आणि दोघांनाही आपला अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळी दलाची कमिटी बसली. काय ठरलं ते नेगेल्यांना कुणी सांगितलं नाही. ते जेवले नाहीत. रोसविथाने हातमोजे खुर्चीवर ठेवले होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "मी खोटं बोललो, रोसविथा," ते म्हणाले. "घटनास्थळी. प्रमुखासमोर."

"हो," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुझ्याशी लग्न केल्याचं मला बरं वाटलं."

रविवारी मांडवात बँड वाजला. सिल्के मंचावर चढली, दलाचा इतिहास वाचला आणि मग म्हणाली, "त्राउगोट, वर ये." 'ये' म्हणाली, 'या' नाही. नेगेले वर गेले. छातीवर पदक लागलं. खिशातले चार घडीचे कागद त्यांनी काढले, उघडले, पुन्हा घडी केले आणि नुसतं "धन्यवाद" म्हणाले. टाळ्या पुष्कळ वाजल्या, त्यांत थोडं हसूही होतं, पण ते वाईट नव्हतं.

मांडवाच्या दाराशी दलाचं प्रदर्शन मांडलं होतं. जुने बंब, शिरस्त्राणं, आणि मधोमध ते वितळलेलं रीळ. खाली पुठ्ठ्यावर सिल्केने लिहिलं होतं, 'असं करू नका'. नाव कुणाचंच नव्हतं. तिथे शॉयफेलेबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मार्कुस, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "आई, आता तरी ऐक. अख्खी इमारत गेली असती. पुढच्या महिन्यात जागा मिळतेय..."

बाईंच्या हातात झाडू नव्हता, म्हणून त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. त्या फार लहान दिसत होत्या.

नेगेले गर्दीतून तिथे आले. त्यांनी एक पांढरा हातमोजा काढला, सिल्केच्या टेबलावरचं पेन उचललं आणि पुठ्ठ्यावर खाली वाकून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'केबल जिन्यात टाकली'. त्याच्यापुढे सही केली, त्राउगोट नेगेले. क्षणभर थांबले. मग सहीच्या खाली, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण लिहिलं, 'मानद प्रमुख'.

"तुमच्या आईने जिना मोकळा केला," ते मार्कुसला म्हणाले. "तो माझ्यामुळे अडला होता. वृद्धाश्रमात न्यायचंच असेल तर मला न्या."

मार्कुसने पुठ्ठा वाचला, पदक पाहिलं, आणि सगळं गाव आपल्याकडे पाहतंय हे पाहिलं. तो बिअर आणायला गेला.

शॉयफेलेबाईंनी नेगेल्यांच्या हातातून पेन घेतलं. चष्मा लावला, वाकल्या आणि सहीच्या खाली सावकाश लिहिलं, 'गुंडाळली: हिल्डेगार्ड शॉयफेले'. मग मागे सरकून पाहिलं, आणि नेगेल्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमची ओळ तिरकी गेलीय."